असेटो कोर्सात स्वतःच्या गाडीची स्किन कशी बनवायची, पहिल्यापासून शेवटपर्यंत

रेसमध्ये वीस गाड्या आणि त्यातल्या पाच सेम टू सेम लाल, मग रिप्ले बघताना आपली कुठली आणि दुसऱ्याची कुठली हेच कळत नाही. हे ज्याला खटकतं त्याच्यासाठी हे लिहितोय. स्किन म्हणजे गेममधल्या गाडीचा बाहेरचा रंग आणि डिझाइन. आमच्या नाशिकच्या ग्रुपमध्ये कुणी स्वतःची स्किन घेऊन आला की "कुठून डाउनलोड केलीस रे" हाच पहिला प्रश्न असतो, घरी बनवलीये म्हटलं की "मला पण शिकव". तर आता सगळं एकदाच लिहून टाकतो म्हणजे रात्री अकराला फोनवर समजवायला नको.

उदाहरण असेटो कोर्साचं घेतोय, म्हणजे इटलीच्या कुनोसवाल्यांचा तो जुना कार रेसिंगचा गेम, २०१४ चा. त्याचं कारण सरळ आहे, साध्या पीसीवर चालतो, फाइली उघड्या असतात, आणि एकदा यात जमलं की बाकीच्या गेमांमध्ये फक्त फाइलींची नावं आणि जागा बदलतात, डोकं तेच लागतं.

आणि एक गोष्ट आधीच सांगतो कारण खालचं सगळं तिच्यावरच उभं आहे. तुम्ही रंगवता सपाट चौकोनी शीटवर, पण लोकांना दिसते ती वाकलेली, चकाकणारी, पळती गाडी. शीटवर भारी दिसणारं गाडीवर भंगार दिसू शकतं आणि शीटवर येडंवाकडं दिसणारं गाडीवर एकदम सरळ. त्यामुळे शीटवर प्रेम करायचं नाही. दर पाच-दहा मिनिटांनी गाडीवर टाकून बघायचं, निकाल तिथेच लागतो.

काय काय लागेल

पैसे लागत नाहीत. चित्रं बनवायचं गिंप फुकट आहे आणि त्यात डीडीएस फाइल (गेम गाडीवर चढवायची चित्रं याच प्रकारात ठेवतो) उघडते पण आणि सेव्ह पण होते, २.१० च्या नंतरच्या व्हर्जनांना वेगळं प्लगइन लागत नाही. विंडोजवर पेंट डॉट नेट हलकं पडतं, ते पण डीडीएस करतं आणि त्यात बीसी-७ नावाचा चांगला फॉरमॅट मिळतो (त्याचं पुढे सांगतो). लोगो आणि अक्षरांसाठी इंकस्केप. फोटोशॉप असेल तर उत्तमच, पण नाही म्हणून अडत काही नाही. कुणी पीएसडी टेम्प्लेट (फोटोशॉपची तयार आखलेली फाइल) पाठवलं आणि फोटोशॉप नसेल तर ब्राउझरमध्ये फोटोपीला उघडतं.

गेमच्या बाजूने कंटेंट मॅनेजर (गेम चालू करायचा आणि गाड्या-स्किन सांभाळायचा वेगळा प्रोग्राम) टाकून घ्या, गेमचा जुना लाँचर विसरा. कंटेंट मॅनेजरमध्ये कस्टम शोरूम आहे, आणि खरं सांगायचं तर निम्मं काम तिथेच होतं. गाडी फिरवून बघा, दरवाजावर क्लिक करा, त्या भागाला कुठलं मटेरियल आणि कुठलं टेक्श्चर (म्हणजे वर चढवलेलं चित्र) लागलंय त्याची यादी समोर येते. फाइल बदलून सेव्ह केली की शोरूममध्ये लगेच बदललेली दिसते, गेम बंद करून चालू करायची भानगड नाही.

पहिली गाडी कुठली घ्यायची हे पण महत्त्वाचं. बरेच जण डायरेक्ट एखादी प्रोटोटाइप नाहीतर फॉर्म्युला गाडी घेतात आणि त्या शंभर वाकड्यातिकड्या तुकड्यांमध्ये अडकून दोन दिवसात सोडून देतात. माझं म्हणणं, बीएमडब्ल्यूची ई-३० एम-थ्री घ्या, जुनी चौकोनी डब्बा गाडी, दरवाजे सपाट, बॉनेट सपाट, जे काढाल ते बऱ्यापैकी तसंच दिसतं.

फोल्डर

स्टीममध्ये गेमच्या फोल्डरात जा, कंटेंट, त्यात कार्स, त्यात तुमची गाडी, त्यात स्किन्स. प्रत्येक स्किनचा एक फोल्डर असतो. त्यातला एक आवडेल तो कॉपी-पेस्ट करा आणि नवीन नाव द्या, नाव इंग्रजी अक्षरांत, मध्ये स्पेस नको, स्पेसच्या जागी अंडरस्कोर. नाव देताना जरा विचार करा, कारण ऑनलाइन रेसला हेच फोल्डरचं नाव सर्व्हर ओळखतो, नंतर बदललं की सगळ्यांकडे गोंधळ. ओरिजिनल फोल्डरला हात लावायचा नाही, कधीच नाही.

आत बघितलं की काही डीडीएस फाइली दिसतील, एक छोटं लिव्हरी नावाचं पीएनजी, एक प्रिव्ह्यूचा जेपीजी आणि एक यूआय स्किनची जेसन फाइल. नियम साधा आहे, गाडीच्या मेन फाइलमध्ये जे टेक्श्चर भरलेलं असतं त्याच नावाची फाइल तुमच्या स्किन फोल्डरात असली तर गेम तुमची वापरतो, नसली तर आतली. म्हणजे नावात एक अक्षर चुकलं तरी काही एरर येत नाही, नुसती जुनीच गाडी दिसत राहते आणि माणूस डोकं खाजवत बसतो. नाव टाइप करू नका, शोरूममधून कॉपी करा. हवं ते टेक्श्चर स्किन फोल्डरात नसेल तर शोरूममध्येच त्याच्यावर क्लिक करून बाहेर सेव्ह करता येतं.

इथे एक भेद समजून घ्या. कुनोसच्या बऱ्याच रोड कार्समध्ये रंगवायला मोठं शीटच नसतं, मेटल डिटेल नावाची एक बारकी फाइल असते, तिच्यात बारीक दाणेदार मेटॅलिक रंग भरलेला असतो आणि तोच पूर्ण गाडीवर पसरतो. नुसता रंग बदलायचा असेल तर तेवढी एक फाइल बदलली की झालं, पाच मिनिटांचं काम. पट्टे, नंबर, लोगो असलं हवं असेल तर रेस कार घ्या, तिला पूर्ण बॉडीचं शीट असतं.

शीट वाचायला शिका

बॉडीचं शीट उघडलं की पहिल्यांदा काहीच कळत नाही. शिंप्याने शर्ट कापून पाठ, बाही, कॉलर टेबलावर पसरून ठेवावी तसे गाडीचे तुकडे पडलेले असतात, एक दरवाजा उभा, एक आडवा, बंपर भलतीकडेच. कुठला तुकडा कुठे लागतो हे अंदाजाने ओळखत बसू नका.

त्यापेक्षा हे करा. शीटच्या साइजची नवीन फाइल घ्या, तिच्यावर चौकटी मारा, आणि प्रत्येक चौकटीत एक नंबर, प्रत्येक ओळीला वेगळा रंग. हे डीडीएस करून गाडीवर टाका आणि शोरूममध्ये गाडीभोवती एक चक्कर मारा. आता दिसेल की डाव्या दरवाजावर सत्तेचाळीस आहे, बॉनेटच्या टोकाला बारा आणि तो उलटा आहे, म्हणजे शीटवर बॉनेट डोक्यावर पडलंय. चारी बाजूंनी स्क्रीनशॉट काढून ठेवा, पुढे सारखे लागतात. चौकटी कुठे ताणल्या जातायत ते पण कळतं, चौरसाचा आयत झाला म्हणजे तिथे गोल लोगो टाकला तर अंडाकृती होणार, तो आधीच उलट्या बाजूने दाबून ठेवायचा.

याच चाचणीत सगळ्यात मोठा फास कळतो, तो म्हणजे मिरर. काही गाड्यांमध्ये, विशेषतः फुकटच्या मॉड्समध्ये (म्हणजे बाहेरच्या लोकांनी गेमसाठी बनवलेल्या गाड्यांमध्ये), डावी आणि उजवी बाजू शीटवर एकच असते. एका बाजूला नंबर सरळ आला तर दुसऱ्या बाजूला आरशातला येणार आणि त्यावर इलाज नाही. अशा गाडीवर नुसते पट्टे आणि रंग ठेवा, अक्षरं बॉनेट नाहीतर छतावर, तेही मिरर नसतील तर. आठवडाभर काम करून शेवटी हे कळण्यापेक्षा पहिल्या दहा मिनिटात कळलेलं बरं.

मग टेम्प्लेट. लोकप्रिय गाड्यांची टेम्प्लेटं ओव्हरटेक साइटवर मिळतात, जिचं आधीचं नाव रेसडिपार्टमेंट. नसेल तर स्वतः लेयर रचा: सगळ्यात खाली रंग, त्यावर डिझाइन, त्यावर लोगो आणि नंबर, त्यावर एओ म्हणजे फटी आणि कोपऱ्यांतली सावली, ती मल्टिप्लाय मोडमध्ये, आणि सगळ्यात वर तारांची जाळी जी फक्त कामापुरती चालू ठेवायची. एओ नसेल तर गाडी खेळण्यातली दिसते, दरवाजाची फटच दिसत नाही. एओ आणि जाळी दोन्ही कस्टम शोरूममधून काढता येतात. सेव्ह करताना जाळी बंद केली का ते बघा, जाळीसकट रेसला आलेल्या गाड्या मी बघितल्यात.

डिझाइन

थिअरी सांगत बसत नाही, एकच बघा. गल्फ या तेल कंपनीची फिकट निळी आणि केशरी गाडी. त्या रंगातल्या फोर्ड जीटी-४० ने १९६८ आणि १९६९ ला ल मांची चोवीस तासांची रेस जिंकली, आणि आजही कुणी पण लांबून बघून सांगतो की गल्फ. आहे काय तिच्यात? दोन रंग, मधून एक जाड पट्टा, पांढऱ्या गोलात नंबर. संपलं. आपल्याकडे पहिली स्किन बनवणारा सात रंग, आग, बिबट्या, कार्बन फायबर आणि चाळीस लोगो टाकतो आणि ट्रॅकवर ती राखाडी ठिपका दिसते.

आपण नाशिकची काहीतरी करू. रहाड घ्या. बाहेरच्यांसाठी सांगतो, नाशिकला रंग धुळवडीला नाही, रंगपंचमीला खेळतात, आणि जुन्या नाशकात पेशवेकाळापासूनचे जमिनीतले दगडी हौद आहेत, वर्षभर बुजवलेले असतात, रंगपंचमीला उघडतात आणि लोक त्यात धप्पा मारतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. पिवळा, केशरी, गुलाबी. म्हणजे स्किनची कल्पना तयारच आहे: पिवळी गाडी, आणि खालून गुलाबी रंग असा चढलेला की गाडीने पुढून धप्पा मारलाय, पुढच्या चाकापाशी रंग बंपरच्या वरपर्यंत उडालेला, मागे जाता जाता खाली येत येत मागच्या चाकामागे संपलेला. दोनच रंग, दिशा एकच, आणि नंबरसाठी दरवाजाची वरची पिवळी जागा मोकळी.

आता हे शीटवर करताना शिंतोड्यांचा ब्रश घेऊन लगेच फराटे मारायला सुरुवात करू नका. आधी एक साधी जाड काळी रेघ काढा, जिथून गुलाबी चालू होणार ती. बंपरच्या तुकड्यावर, पुढच्या मडगार्डवर, दरवाजावर, मागच्या पत्र्यावर. गाडीवर टाका. हमखास तुटलेली दिसेल, बंपरवरून मडगार्डवर येताना चार बोटं खाली उडी मारलेली. शीटवर सरकवा, सेव्ह, शोरूममध्ये बघा, परत सरकवा. ही रेघ चारी तुकड्यांवरून सलग गेली की मगच तिच्यावर रंगकाम. हाच वेळखाऊ भाग आहे आणि हाच टाळला की स्किन कच्ची दिसते, मग वर कितीही इफेक्ट मारा.

रंग निवडताना एकदम टोकाचे घेऊ नका. शुद्ध पांढरा म्हणजे लाल-हिरवा-निळा तिन्ही २५५ घेतला तर दुपारच्या उन्हात गाडी ट्यूबलाइटसारखी फुटते, पत्र्याचा आकारच दिसत नाही. २३० च्या आसपास थांबा. काळा पण पूर्ण शून्य नको, वीस-पंचवीस ठेवा म्हणजे सावली दिसायला जागा राहते. पिवळा आणि गुलाबी पण जरा दाबूनच, गेमचा सूर्य उरलेलं काम करतो.

मराठी अक्षरं

यावर कुठल्या इंग्रजी व्हिडिओत काही सापडत नाही म्हणून इथे जरा थांबतो.

आधी फॉन्ट. श्रीलिपीचे जुने फॉन्ट असतील तर इथे त्रासच, युनिकोड वापरा. मुक्त आणि बलू हे दोन्ही मुंबईच्या एक टाइपवाल्यांचे, फुकट आहेत, गूगल फॉन्ट्सवर मिळतात, बलू जाडजूड असल्यामुळे दरवाजावर चांगला बसतो. यात्रा वन पण बघा, मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला आहे, जुन्या गाडीवर फार शोभतो. गिंप आणि इंकस्केपमध्ये जोडाक्षरं आपोआप नीट येतात. फोटोशॉपमध्ये वेलांटी भलतीकडे आणि जोडाक्षरं फुटलेली दिसली तर टाइपच्या प्रेफरन्समध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट चालू करा, टेक्स्ट परत टाका.

आता खरी गंमत. "नाशिक" हा शब्द पुढच्या मडगार्डपासून दरवाजावरून मागपर्यंत मोठा काढायचाय समजा. इंग्रजीत अक्षरं सुटी असतात, दरवाजाची फट दोन अक्षरांच्या मध्ये आली की काम झालं, दोन-चार पिक्सेल इकडेतिकडे कुणाला दिसत नाही. मराठीत शिरोरेखा आहे, म्हणजे फटीवरून एक सलग सरळ रेघ जाते, आणि डोळा नेमकी तीच पकडतो. तीन पिक्सेल वरखाली झाली तरी अक्षर मोडल्यासारखं दिसतं. म्हणून शब्द टाकायच्या आधी नुसती शिरोरेखेची पट्टी टाकून ती आधी जुळवा, मग अक्षरं तिच्याखाली लटकवा. आणि ही पट्टी शीटला सरळ ठेवू नका, गाडीच्या बाजूला दरवाजाच्या हँडलच्या आसपास जी पत्र्याची लांब कड असते तिला समांतर ठेवा, नाहीतर शब्द बरोबर असून पूर्ण गाडी नाक खाली घातल्यासारखी दिसते.

वरखाली जागा पण मोजून ठेवा. "शि" ची वेलांटी शिरोरेखेच्या वर जाते, तिथे काच असेल तर कापली जाईल. "पंचवटी" घेतलं तर अनुस्वार आणि वेलांटी दोन्ही वर. उकार असलेला शब्द घेतला तर तो खाली दाराच्या कडेत घुसतो. नाशिक बरा, खाली काही लटकत नाही.

रेस नंबर मात्र इंग्रजी आकड्यांतच ठेवा असं मी म्हणेन. ऑनलाइन रेसमध्ये बाहेरची पण पोरं असतात, स्टुअर्डला (रेसच्या पंचाला) रिप्लेमध्ये नंबर वाचता आला पाहिजे. मराठी आकडा हवाच असेल तर छतावर टाका, तिथे कुणाची तक्रार नाही.

रोड कार करत असाल तर नंबर प्लेट विसरू नका, एमएच १५ बघितल्याशिवाय नाशिककराला गाडी आपली वाटत नाही. प्लेटच्या दोन फाइली असतात, एक रंगाची आणि एक नॉर्मल मॅप म्हणजे उठावाची. नुसती पहिली बदलली तर सपाट बघताना सगळं ठीक, पण तिरक्या उजेडात तुमच्या एमएच १५ च्या खालून जुन्या युरोपियन प्लेटची अक्षरं उठून दिसतात. दुसरी फाइल पूर्ण एका सपाट जांभळट-निळ्या रंगाने भरा, १२८, १२८, २५५, उठाव गायब. युरोपची प्लेट ५२० बाय ११० मिलिमीटर असते आणि आपली ५०० बाय १२०, म्हणजे आपली अक्षरं जागेवर बसवताना किंचित दाबली जातात, उंची जरा कमी करून घ्या.

लोगो

मोठ्या कंपन्यांचे लोगो गूगल इमेजेसवरून फुटकळ जेपीजी उचलू नका, पांढरी कडा आणि फाटलेले कोपरे लगेच दिसतात. एसव्हीजी (कितीही मोठा केला तरी न फाटणारा लोगो) शोधा, इंकस्केपमध्ये हव्या त्या साइजचा पीएनजी काढा. आपापसात खेळायला लोगो लावले तर ठीक, पण स्किन विकायची असेल तर दुसऱ्याचा ट्रेडमार्क लावून विकू नका.

जास्त मजा गावातल्या दुकानांची नावं लावण्यात आहे. गंगापूर रोडवरचा मिसळवाला, सिडकोतला गॅरेजवाला, मित्राचं मोबाइलचं दुकान. विचारा, खुश होऊन देतात. फक्त त्यांच्याकडे लोगो म्हणून जे असतं तो व्हॉट्सअॅपवरचा बोर्डाचा फोटो असतो. तो घेऊ नका, बोर्ड ज्याने बनवला त्या फ्लेक्सवाल्याचा नाहीतर रेडियमवाल्याचा नंबर घ्या आणि त्याच्याकडून कोरलची (ज्या प्रोग्राममध्ये ते बोर्ड बनवतात त्याची) फाइल मागा. मागताना "दादा, कर्व्ह करून द्या" (म्हणजे अक्षरांचे आकार करून द्या) हे सांगायचंच, नाहीतर तुमच्याकडे त्यांचा फॉन्ट नसतो आणि मिसळच्या जागी इंग्रजी चिन्हांचा कचरा उघडतो. कर्व्ह केलेली फाइल बऱ्याचदा इंकस्केपमध्येच डायरेक्ट उघडते. नाही उघडली तर पीडीएफ मागा, तीही चालते.

चमक

गाडी मॅट, ग्लॉस का क्रोम, हे रंगाच्या शीटवर ठरत नाही. मॅप्स नावाचं वेगळं टेक्श्चर असतं. त्यात लाल चॅनेल म्हणजे स्पेक्युलर (उजेडाची चकाकी) किती, हिरवा म्हणजे ग्लॉस (ती चकाकी किती धारदार), निळा म्हणजे रिफ्लेक्शन (आजूबाजूचं प्रतिबिंब). मॅट हवं तर हिरवा आणि निळा कमी करा. रहाडीच्या स्किनला मी पिवळा भाग ग्लॉस आणि गुलाबी भाग थोडा जास्त ओला ठेवेन, म्हणजे तिथे निळा चॅनेल वाढवायचा, पळताना गुलाबीवर आकाश जास्त दिसतं आणि रंग खरंच ओला वाटतो.

आणि रंगाच्या शीटच्या अल्फा चॅनेलला (रंगांसोबतचा चौथा, काळा-पांढरा थर) समजून घेतल्याशिवाय हात लावू नका. ज्या गाड्यांना मेटल डिटेल असतं तिथे अल्फा काळा असेल तर डिटेलचा मेटॅलिक दाणा दिसतो, पांढरा असेल तर नुसता तुमचा रंग. म्हणून अल्फा न ठेवता सेव्ह केलं की मेटॅलिक गायब आणि गाडी प्लॅस्टिकची. आधी ओरिजिनल शीटचा अल्फा उघडून बघा, तो कसा आहे तसाच पुढे न्या. लोगो-नंबरच्या जागी तेवढा पांढरा करा म्हणजे दाणा त्यांच्यावर येणार नाही.

डीडीएस करताना

साइज दोनच्या घातातली, म्हणजे दुप्पट दुप्पट होत जाणारी, २०४८ बाय २०४८ नाहीतर ४०९६ बाय ४०९६. अल्फा नको असेल तर डीएक्सटी-१, हवा असेल तर डीएक्सटी-५, आणि मिपमॅप्सची (लांबून दिसण्यासाठी त्याच चित्राच्या छोट्या प्रती) टिक कायम चालू. मिपमॅप नसले की लांबून गाडीवरचे लोगो किड्यांसारखे वळवळतात.

हे फॉरमॅट जागा वाचवायला चार बाय चार पिक्सेलचा ठोकळा करून त्यात फक्त दोन मूळ रंग ठेवतात, बाकीचे त्या दोघांच्या मधले. त्यामुळे पिवळ्यातून गुलाबीकडे जाणारा मऊ फेड केला की पट्टे पट्टे दिसतात, आणि तीन वेगळे रंग जवळ आले की कडेला घाण. इलाज दोन. फेडवर अगदी हलका नॉइज मारा, पट्टे मोडतात. नाहीतर पेंट डॉट नेटमधून बीसी-७ मध्ये सेव्ह करा, फाइल डीएक्सटी-५ एवढीच होते पण रंग बरेच स्वच्छ राहतात.

सगळ्यांना ४के हवं असतं, तर हिशोब सांगतो. ४०९६ चं डीएक्सटी-५ मिपमॅप्ससकट साधारण २१ एमबी, २०४८ चं सव्वापाच. वीस गाड्यांच्या रेसला प्रत्येकाने एकेक ४के शीट आणलं तर सव्वाचारशे एमबीच्या आसपास ग्राफिक्स कार्डची मेमरी नुसत्या रंगात. आणि कुणी कॉम्प्रेस न करता सेव्ह केलं तर एकटी फाइल ८५ एमबी, मग स्टार्टला कुणाचा तरी जुना पीसी अडखळणार आणि मागचे सगळे एकमेकांवर. काम ४के वर करा, मित्रांना वाटताना २के द्या, रेसमध्ये फरक कुणाला कळत नाही.

ट्रॅकवर बघा

शोरूमचा उजेड सगळ्या गाड्यांना हिरोइन करतो, त्याच्यावर अवलंबून राहू नका. एक छोटी प्रॅक्टिस लावा, आधी दुपार मग संध्याकाळ, दोन लॅप मारा आणि रिप्ले बाहेरच्या टीव्ही कॅमेऱ्यातून बघा. लांबून नंबर वाचता येतो का, पिवळं-गुलाबी वेगळं कळतं का, का सगळं मिळून भगवं दिसतंय. मग मित्राला तुमच्या मागे गाडी चालवायला सांगा, कारण मागून येणाऱ्याला तुमच्या गाडीचं फक्त बुड दिसतं आणि बुडावर कुणी मेहनतच घेत नाही. मागच्या बंपरवर एक ठळक काहीतरी हवंच. खिडकीतून बाहेर बघून परत स्क्रीनकडे बघा, डोळे ताजे झाले की चुका दिसतात.

उरलेलं किरकोळ. जेसन फाइल नोटपॅडमध्ये उघडून स्किनचं नाव, ड्रायव्हर, टीम, नंबर, देश भरा, कॉमा आणि कोट सांभाळा. प्रिव्ह्यू फोटो १०२२ बाय ५७५ चा असतो, कंटेंट मॅनेजर स्वतः काढून देतो. लिव्हरीचा आयकॉन ६४ बाय ६४, तोही तिथेच बनतो, त्यात तुमचे दोन मेन रंग आले की झालं.

दुसऱ्यांना दिसण्यासाठी

तुमची स्किन आपोआप कुणाकडे जात नाही. समोरच्याकडे तो फोल्डर नसेल तर त्याला तुमच्या जागी भलतीच स्किन दिसते. म्हणून ग्रुपमध्ये रेसच्या आधी सगळ्यांच्या स्किनचा एक पॅक करून वाटायचा, आत फोल्डरची रचना गेमसारखीच ठेवायची म्हणजे झिप कंटेंट मॅनेजरवर ओढून टाकली की बसते. व्हॉट्सअॅपवर झिप डॉक्युमेंट म्हणून पाठवा, स्किनची इमेज फोटो म्हणून पाठवली तर ती दाबून निम्मी होऊन जाते. रेसच्या दिवशी सकाळी "जरा रंग बदललाय" म्हणून नवीन पॅक पाठवणाऱ्याला आमच्याकडे चहा पाजावा लागतो.

असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने हा कुनोसवाल्यांचाच नंतरचा गेम खेळणार असाल तर तिथे रचना वेगळी, डॉक्युमेंट्समधल्या गेमच्या फोल्डरात कस्टम्स, त्यात लिव्हरीज, आणि दोन पीएनजी, एक डेकल्स आणि एक स्पॉन्सर्स. बेस रंग आणि फिनिश गेममध्येच निवडायचे, त्यावर तुमचं पारदर्शक पीएनजी बसतं. डीडीएसची झंझट नाही, सोपं आहे. आयरेसिंग या दुसऱ्या रेसिंग गेममध्ये टीजीए फाइल लागते आणि लोक ट्रेडिंग पेंट्स साइटवर टाकतात, तिथून ज्यांच्याकडे ट्रेडिंग पेंट्स चालू आहे त्यांना आपोआप दिसते.

लेयरवाली मूळ फाइल, म्हणजे एक्ससीएफ नाहीतर पीएसडी, जपून ठेवा आणि ड्राइव्हवर पण एक टाका. मॉडची नवीन व्हर्जन आली की बऱ्याचदा शीटवरचे तुकडे हललेले असतात, मग नंबरवाल्या चौकटी परत टाकायच्या, तुकडे कुठे गेले बघायचं आणि लेयर तेवढे सरकवायचे. नुसती डीडीएस उरली असेल तर सगळं पहिल्यापासून.